पायरी तोडा, मग खुर्ची वाटा

आधी नावाचं बघू. २७ डिसेंबर २०१५ ला पंतप्रधानांनी रेडिओवरून देशातल्या अपंगांचं बारसं केलं. यापुढे विकलांग म्हणू नका, दिव्यांग म्हणा. ज्याचा पाय पोलिओने लुळा पडलाय त्याला कळलं की आपल्या अंगात दिव्य काहीतरी आहे. अपंगांच्या संघटनांनी पत्रं लिहिली, हे नाव आम्हाला नको म्हणाले. ऐकतो कोण? खात्याच्या पाट्या बदलल्या, दाखल्यावरचा शब्द बदलला. बारसं झालं, पण ज्याचं नाव ठेवायचं त्यालाच विचारायचं राहून गेलं.

मित्रांनो, हे बारसं तुम्हाला ओळखीचं वाटायला पाहिजे. आपल्यालाही हरिजन केलं होतं. जानेवारी १९३८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात काँग्रेस सरकारने तो शब्द विधेयकात घातला. भाऊराव गायकवाडांनी विरोध केला, आणि ऐकेनात तेव्हा बाबासाहेब नि त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष सभागृहातून उठून गेला. आपलं नाव आपण ठेवू, एवढीच साधी गोष्ट. ती तेव्हा कळली नाही, आजही कळत नाही. म्हणून मी या लेखात अपंग म्हणणार. ज्यांना खटकतं त्यांनी खटकू द्यावं.

ही सगळी भानगड जुनी आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात कुणाला वडिलांच्या इस्टेटीत वाटा नाही याची यादी आहे. जन्मांध, बहिरा, मुका, वेडा, इंद्रिय नसलेला. आणि लगेच पुढे सांगितलंय की यांना जन्मभर अन्नवस्त्र मात्र द्यावं. म्हणजे खायला घाला, वाटा मागू देऊ नका. महाडला २५ डिसेंबर १९२७ ला ती पोथी जाळली. १९२८ साली इंग्रजांच्या राज्यात कायदा झाला आणि आंधळ्या-बहिऱ्याला हिंदू वारसात वाटा मिळाला. त्यातही जन्मतः मतिमंद आणि वेडा यांना बाहेरच ठेवलं होतं. त्यांची पाळी १९५६ ला आली. कायद्यातून पोथी गेली. सरकारच्या डोक्यातून गेली का, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे. कारण मी बघतो तर योजना म्हणून जे काही चाललंय ते अजून अन्नवस्त्रच आहे.

तेही किती ते बघा. केंद्राची इंदिरा गांधींच्या नावाची अपंग पेन्शन आहे. दारिद्र्यरेषेखालचा आणि ८० टक्के अपंग असेल त्याला महिन्याला ३०० रुपये. हा आकडा २०१२ पासून हललेला नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा ४० टक्क्यांच्या वरच्याला हक्क देतो, पेन्शन मात्र ८० च्या खाली उतरत नाही. कायद्याच्या २४ व्या कलमात आणखी एक गोष्ट लिहिलीय. तशाच योजनेत इतरांना जे मिळतं त्यापेक्षा अपंगाला किमान २५ टक्के जास्त द्यायचं. विधवेला केंद्र ३०० देतं. शाळेतल्या पोराला विचारा, २५ टक्के जास्त म्हणजे किती? ३७५. तेवढं गणित दिल्लीच्या बाबूला येत नाही. राज्य आपल्या पदरचं त्यात घालतं, आणि मोर्चे निघाले, लोक रस्त्यावर लोळले की थोडं वाढवतं. ठीक आहे. मिळतंय ते घ्यावं, मी घेऊ नका म्हणत नाही.

आता हे अपंग कोण आहेत? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख, महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांच्या वर. लोकसंख्येत हे प्रमाण २.२१ टक्के. अनुसूचित जातींत ते २.४५ टक्के, इतर सगळ्यांपेक्षा जास्त. याला दैव म्हणायचं? कुपोषित आईच्या पोटी पोर येतं, डोस चुकतो, ताप अंगात मुरतो, दवाखाना लांब. बाप गटारात उतरतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाला निकालात लिहावं लागलं की गटारात मेला तर ३० लाख, कायमचा अपंग झाला तर किमान २० लाख. मेलेल्याची निदान बातमी येते. ज्याचे डोळे गेले, ज्याची छाती गेली, तो खाटेवर पडून असतो. कंत्राटदाराच्या हजेरी वहीत त्याचं नावच नसतं, मग तो कोर्टात काय दाखवणार? जातीने काम दिलं आणि कामाने अपंग केलं. आपल्या वस्त्यांत हे घरोघर आहे, आणि तरी अपंगांचा प्रश्न म्हटलं की आपल्याला शिवाजी पार्कच्या बाजूची कुठली तरी संस्था आठवते, काठीला काठी लावून मेणबत्त्या विकणारी.

आणि हे आकडेही कसले? २०११ ला आठ प्रकार मोजले. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकार मानले. २०२१ ला मोजायचं होतं ते मोजलंच नाही. म्हणजे २१ प्रकारच्या माणसांची योजना आठ प्रकारच्या जुन्या यादीवर चालते. सिकलसेलवाला, थॅलेसेमियावाला त्या यादीत कुठे शोधायचा?

महाराष्ट्रात एक चांगली तरतूद आहे. नगरपालिका, महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, सगळ्यांनी आपल्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांसाठी राखून ठेवायचे. पैसा थोडा नाही. पण तो कुणी, कशावर खर्च करायचा? तिथे खरी मेख आहे.

अशा एका बैठकीला मी गेलो होतो. ऑफिसचं नाव सांगत नाही, सांगून उपयोग नाही, सगळी सारखीच. अपंग बांधवांशी सल्लामसलत, असा बोर्ड लावला होता. बैठक पहिल्या मजल्यावर. लिफ्ट बंद. आमच्या वस्तीतली एक मावशी, दोन्ही पायांनी अधू, तिला आम्ही चौघांनी खुर्चीसकट वर नेली. तिला ते अजिबात आवडलं नाही. वर चहा, बिस्कीट, हार. साहेबांनी कागद वाचला. इतक्या व्हीलचेअर, इतक्या तीनचाकी, इतकी कानाची यंत्रं. वाटपाची तारीख ३ डिसेंबर, जागतिक दिव्यांग दिन, प्रमुख पाहुणे अमुक. मग विचारलं, कुणाला काही सूचना?

मावशी म्हणाली, "साहेब, मला खुर्ची नको. आमच्या गल्लीत ती वळतच नाय. गल्ली तीन फुटाची. संडासाला चार पायऱ्या हायेत, त्या तोडा आणि उतार करा. आत एक दांडी लावा धरायला. मी दिवसातून एकदाच जाते, पाणी पीत नाय त्याच्यासाठी."

खोली गप्प झाली. साहेब माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "मावशी, तुमचं बरोबर आहे. पण ते या हेडमध्ये बसत नाही. बांधकाम वेगळं खातं आहे, तुम्ही तिकडे अर्ज द्या."

मावशी म्हणाली, "मग मला कशाला बोलवली वर?"

याला उत्तर नव्हतं. कागदावर तिची सही घेतली. नंतर कळलं, अहवालात लिहिलं होतं: लाभार्थ्यांचा सहभाग, समाधानकारक.

मित्रांनो, हा हेड नावाचा प्राणी नीट ओळखून घ्या. जी वस्तू मोजता येते, वाटता येते, जिच्यासोबत फोटो निघतो, ती हेडमध्ये बसते. संडासाची पायरी बसत नाही. पायरी तोडताना हार कुणाच्या गळ्यात घालणार? शिवाय व्हीलचेअरचं टेंडर निघतं, आणि टेंडर निघालं की काय काय निघतं ते तुम्हाला मी सांगायला नको. मावशीला सल्लामसलतीला बोलावलं तेव्हा हेड ठरलेला होता, खरेदी ठरलेली होती, तारीख ठरलेली होती. तिच्यासाठी उरली होती सही.

कायदा वाचला तर त्यात सहभाग भरपूर आहे. ४८ व्या कलमात लिहिलंय की अपंगांचा संबंध येणाऱ्या सगळ्या सर्वसाधारण योजनांचं सरकारने सामाजिक ऑडिट करायचं. म्हणजे घरकुलापासून संडासापर्यंत सगळ्याचं. केंद्राच्या सल्लागार मंडळात संघटनांचे दहा प्रतिनिधी घ्यायचे, ते 'शक्यतो' अपंग असावेत. शक्यतो! सव्वाशे-दीडशे कोटींच्या देशात दहा अपंग सापडणार नाहीत अशी धास्ती कायदा करणाऱ्यांना वाटली असावी. त्या दहांत किमान पाच बायका, आणि अनुसूचित जातीचा किमान एक, जमातीचा किमान एक. ज्या समाजात अपंगत्व सगळ्यांत जास्त, त्याच्या वाट्याला किमान एक. तो एक बैठकीत काय बोलेल आणि कुणाला ऐकू जाईल, याचा अंदाज करा. आपण राखीव जागेवरची अशी माणसं कमी बघितलेली नाहीत.

इमारतींचंही तसंच. २०१७ च्या जूनमध्ये नियम आले. तेव्हापासून पाच वर्षांत सगळ्या सार्वजनिक इमारती अपंगांना जाण्यायेण्यासारख्या करायच्या होत्या. जून २०२२ ला मुदत संपली. इमारती होत्या तशाच. मग ८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने राजीव रतूरी यांच्या खटल्यात सांगितलं की तुमचा पंधरावा नियमच कायद्याला धरून नाही, कारण त्यात नुसत्या शिफारशी आहेत, बंधन काहीच नाही. बघा गंमत. कायदा म्हणतो 'करा', नियम म्हणतो 'केलंत तर बरं होईल'. हा शहाणपणा करणारे लोक गाढव नसतात. 'करा' म्हटलं की दंड आला, जबाबदारी आली, कुणाची तरी नोकरी अडकली.

डिसेंबर २०२२ ला महाराष्ट्राने अपंगांसाठी स्वतंत्र खातं काढलं, देशात पहिलं म्हणून डांगोरा पिटला. २०२३ मध्ये खातं 'आपल्या दारी' येतंय म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांत मंडप पडले. दाखले मिळाले, काहींची कामं झाली, ते खोटं नाही. पण दारी येणारं सरकार संध्याकाळी मंडप सोडून जातं. आणि त्याच वेळी मुंबईत काय होतं? मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि पुढची तीन वर्षं उलटली तरी नगरसेवकच नव्हते. प्रशासकच मागायचा, प्रशासकच मंजूर करायचा. धडधाकट माणसाला तक्रार करायला नगरसेवक नव्हता, तिथे मावशीचा उतार कोण मागणार? केरळात निदान पंचायती स्वतः मतिमंद मुलांसाठी 'बड्स' शाळा चालवतात. १९९६ पासून तिथे नियोजनाचा पैसा आणि निर्णय दोन्ही खाली उतरले, त्याचा हा परिणाम. तिथे स्वर्ग नाही. पण पोराची आई ज्याच्या दारात जाऊन भांडू शकते तो माणूस गावातलाच असतो.

आता आपल्या घरातलं बोलतो, राग आला तर येऊ द्या. पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यात दलित म्हणजे कोण ते सांगितलंय. अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कष्टकरी, भूमिहीन, स्त्रिया, सगळे शोषित. अपंग हा शब्द त्यात नाही. पन्नास वर्षं झाली, आपणही घातला नाही. आपल्या सभेच्या स्टेजला पायऱ्या असतात. आपली अभ्यासवर्गाची खोली माळ्यावर. बहिऱ्या पोरासाठी खुणांच्या भाषेत सांगणारा कुणी आपल्या मंचावर उभा राहिलेला मी अजून बघितला नाही. आणि भांडणात एकमेकांना शिव्या कुठल्या देतो? आंधळा, लंगडा, मेंटल. मनूची यादीच तोंडात खेळवतो आपण.

तर काम काय करायचं. पालिकेचं अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या सुरुवातीला येतं, म्हणजे पैसा त्याच्या आधीच वाटून झालेला असतो. ३ डिसेंबरला हार घ्यायला जाण्यापेक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात वॉर्ड ऑफिसात जा. प्रत्येक वस्तीतल्या अपंगांनी आपली यादी आपण करायची. कुठली पायरी, कुठला संडास, कुठला रेशनचा ओटा, कुठली बंद लिफ्ट. सर्टिफिकेट ३० टक्क्यांचं असलं तरी त्याचं नाव यादीत. यादी लेखी द्यायची, पोच घ्यायची. सोबत माहितीच्या अधिकारात चार प्रश्न टाका: गेल्या तीन वर्षांत ५ टक्क्यांतून आपल्या वॉर्डात किती तरतूद झाली, किती खर्ची पडली, कुठल्या हेडखाली पडली, आणि ज्या बैठकीत हे ठरलं तिला किती अपंग हजर होते. पाचवा प्रश्नही टाका. ती बैठक कितव्या मजल्यावर झाली?