गोड गोष्टींतला काळोख

एका साहित्यिक चर्चेत एक समीक्षक म्हणाले, “जुन्या कथांची टवाळी करून या कवयित्री स्त्रीचे दुःख उथळ करतात. आणि मुलांच्या गोड गोष्टींत हा काळोख हवाच कशाला?” टाळ्याही पडल्या. मी मॅट्रिकपलीकडे शिकलेली नाही. तेव्हा गप्प बसले. आता बोलते.

गोड गोष्टी म्हणे! ग्रिम बंधूंची हिमगौरी मी वर्गात सांगते. शेवटी राणीच्या पायांत तापून लाल झालेले लोखंडी जोडे घालून तिला मरेपर्यंत नाचवतात, हे आपण सारेच गाळतो. १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत तर ही राणी सख्खी आई होती; १८१९ साली ग्रिम बंधूंनीच तिला सावत्र केले. गोष्ट बदलण्याचा हक्क पुरुषांनी केव्हाच बजावला आहे; बाईने बजावला की मात्र टवाळी!

अ‍ॅन सेक्स्टन या अमेरिकन कवयित्रीने १९७१ साली ‘ट्रान्स्फॉर्मेशन्स’मध्ये ग्रिमच्या सतरा कथा पुन्हा सांगितल्या. काळोख तिने पदरचा घातला नाही; वरचे झाकण तेवढे काढले. तिची हिमगौरी शेवटी स्वतःच आरशाकडे वळते. हसत हसत आपण तिथवर येतो आणि हसू घशातच राहते. राणी गेली, आरसा आहेच.

इंग्लंडमधल्या कॅरल अ‍ॅन डफीच्या ‘द वर्ल्ड्स वाइफ’मधली (१९९९) मिडासची बायको पाहा. हात लावील त्याचे सोने करणाऱ्या नवऱ्याला ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवते, मांजर तळघरात कोंडते. अगदी आपल्या शेजारची संसारी बाई! पण त्या नवऱ्याला पुन्हा कधी जवळ घेता येत नाही, आणि शेवटी तिला आठवतो तो त्याचा स्पर्श. यात दुःख उथळ कुठे झाले?

सगळ्याच अशा कविता साधतात असे मी म्हणत नाही. नुसते नवऱ्यांना टोमणे मारणारी कविता चुटक्यावर संपते. पण रडणाऱ्या बाईची आपल्याला सवय झाली आहे. तिची कीव केली की आपण सुटलो. हसणारीचे मात्र ऐकून घ्यावे लागते. जात्यावर सीतेचा वनवास गाणाऱ्या आमच्या आज्यापणज्यांना कथा आपल्या बाजूने सांगायला कोणत्या समीक्षकाची परवानगी लागली होती?

गेल्या वर्षी गोष्ट संपल्यावर एका मुलीने विचारले, “बाई, राजपुत्रानं पेटी बुटक्यांकडे मागितली. हिमगौरीला कुणी विचारलं?”

वर्ग खो खो हसला. ती हसली नाही. माझ्या उत्तराची वाट पाहत तशीच उभी राहिली. समीक्षकमहाशय, तिला काय सांगू?