पेशव्यांच्या आधीचे पुणे

'जुने पुणे म्हणजे पेशव्यांचे पुणे' हे गेल्या अंकातील पत्र वाचले. विधान सपशेल चुकीचे आहे. शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० सालची. कसबा पेठ त्याहून कितीतरी जुनी. ग्रामदैवत कसबा गणपती जिजाऊंच्या काळापासून इथे आहे.

शिवाय पेठ केवळ वाड्यांनी बनत नाही. तांबट आळी, कागदीपुरा, कुंभारवाडा ही नावेच इथल्या कारागिरांची साक्ष देतात. तांबट आळीत आजही हातोडीचे ठोके पडतात. घडवलेल्या हंड्यावर एकसारखे ठसे उमटवणारे मठारकाम चालते.

वाड्यांच्या दुरुस्तीसाठी पत्रलेखकाने निधी मागितला, ते योग्यच. पण पुनर्विकासात या कारागिरांच्या भट्ट्यांना जागा मिळाली नाही, तर जतन करणार तरी काय?

– एक वाचक, कसबा पेठ, पुणे