सुंठेवाचून खोकला

"तिने ना, रागाच्या भरात नोकरी सोडली." आमच्या खर्डीत माझ्याबद्दल हे वाक्य गेली कितीतरी वर्षं बोललं जातंय. नवरा बोलतो, जाऊ बोलते, माझ्याबरोबर सकाळची लोकल पकडणाऱ्या बायकाही बोलायच्या. वाक्य खोटं नाही. मी रागातच नोकरी सोडली. पण या वाक्यात एक लबाडी आहे. तिच्याबद्दल मला आज बोलायचं आहे, कारण ती लबाडी आपल्या चळवळीतल्या बायकांच्या तोंडीही मी ऐकली आहे.

आधी काय घडलं ते सांगते. २०१६ साल. खर्डीहून लोकलने आसनगाव आणि पुढे शेअर रिक्षाने एका कारखान्यात मी पॅकिंगला जायची. आम्ही सगळ्या ठेकेदाराच्या बायका. तीस-बत्तीस जणींना मिळून एक संडास, आणि त्याला कुलूप. चावी सुपरवायझरच्या खिशात. जायचं असेल तर त्याच्यासमोर उभं राहून चावी मागायची. तो वहीत नाव आणि वेळ लिहायचा. जाताना वेळ, येताना वेळ. दहा मिनिटांच्या वर गेलं की सगळ्यांसमोर बोलणी.

तीन वर्षं मी चावी मागितली. पाणी कमी प्यायची सवय लावून घेतली. लघवीला जळजळ व्हायची, डॉक्टरकडे दोनदा जाऊन आले. आमच्यात एकजण सात महिन्यांची पोटुशी होती, तिलाही चावी मागावी लागायची. आम्ही आपसात कुजबुजायचो, तोंड दाबून हसायचो, पुन्हा कामाला लागायचो.

त्या दिवशी माझी पाळी होती. सकाळपासून तिसऱ्यांदा चावी मागायला गेले. त्याने वही उघडली, माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाला, "किती वेळा? तुझं काय रोजच चालू असतं का?" चार पुरुष हसले. मी चावी त्याच्या टेबलावर आपटली, ऑफिसात गेले आणि म्हटलं, मला राजीनामा द्यायचा आहे.

पुढचं नीट वाचा, मैत्रिणींनो. ऑफिसातल्या कारकुनाने मला थांबवलं नाही. "का?" असंही विचारलं नाही. त्याने लगेच कोरा कागद आणि पेन पुढे केलं, खुर्ची दिली, पाणीसुद्धा दिलं. तीन वर्षांत त्या ऑफिसात मला कुणी बस म्हटलं नव्हतं. त्याने मजकूर सांगितला आणि मी लिहिला: "माझ्या वैयक्तिक व घरगुती कारणास्तव मी स्वखुशीने नोकरीचा राजीनामा देत आहे. माझी कंपनीकडे कसलीही मागणी बाकी नाही." खाली सही केली. हात रागाने थरथरत होता, पण अक्षर चांगलं आलं.

स्वखुशीने! घरगुती कारणास्तव! ज्या माणसाने मला चारचौघांत उघडं केलं, त्याचं नाव त्या कागदावर नव्हतं. कुलूप नव्हतं, चावी नव्हती, वही नव्हती. होतं ते माझं घर, जिथे त्या वेळी कसलंही कारण नव्हतं. दिवाळी तीन आठवड्यांवर होती. बोनस बुडाला तो बुडालाच.

आपल्याकडे म्हण आहे, सुंठेवाचून खोकला गेला. बोलणारी, डोळ्याला डोळा भिडवणारी बाई मालकाचा खोकला असते. तिला काढायचं तर नोटीस द्यावी लागते, कारण लिहावं लागतं, उद्या ती कामगार कार्यालयात गेली तर उत्तर द्यावं लागतं. ती रागावून आपणच गेली की सुंठेचा खर्च वाचला. म्हणून तर खुर्ची आणि पाणी. आपला राग येईपर्यंत वाट बघायची आणि तो आला की त्याच्यापुढे कोरा कागद ठेवायचा, ही रीत कुठल्याही कारखान्याच्या नियमावलीत लिहिलेली नसते. पण ती सगळीकडे चालते.

आणि मग जग काय म्हणतं? "रागाच्या भरात सोडली." म्हणजे कारण बाईच्या स्वभावात. तिचा राग नाकाच्या शेंड्यावर. त्या संध्याकाळी नवरा म्हणाला, "अगं, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलास." कुलपाबद्दल तो एक शब्द बोलला नाही. तीन वर्षांचा अपमान त्या एका दुपारच्या रागात बुडवून टाकायचा, ही ती लबाडी.

पुरुषाच्या राजीनाम्याला इतिहासात जागा असते. १९५६ साली चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलं, तो आजही मराठी स्वाभिमान म्हणून सांगितला जातो. त्याआधी १९५१च्या सप्टेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदामंत्रिपद सोडलं. हिंदू कोड बिल गुंडाळून ठेवलं गेलं, हे त्यामागचं एक मोठं कारण. बायकांच्या हक्कासाठी या देशात मंत्र्याने दिलेला राजीनामा तो. पण त्यांनी तो दिला कसा, ते आपण शिकलो नाही. बाबासाहेब नुसते निघून गेले नाहीत. पद का सोडतो याचं सविस्तर निवेदन त्यांनी लिहिलं. सभागृहात ते हवं तसं वाचता येईना, तेव्हा बाहेर पडून वर्तमानपत्रांना दिलं. सरकारला "वैयक्तिक कारण" म्हणायची सोय त्यांनी ठेवली नाही.

आणि मी काय लिहिलं? कारकुनाने सांगितलं ते.

कुणी म्हणेल, तू अडाणी, तुला कायदा माहीत नव्हता. मग कायदा माहीत असलेल्या बाईची गोष्ट ऐका. मध्य प्रदेशातल्या एका महिला अतिरिक्त जिल्हा न्यायाधीशाने जुलै २०१४ मध्ये राजीनामा दिला. उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींवर तिने लैंगिक छळाचा आरोप केला होता. तिची ग्वाल्हेरहून दूर सिधीला मध्येच बदली झाली होती. मुलगी बारावीला, म्हणून बदली थांबवण्यासाठी तिने केलेले अर्ज फेटाळले गेले. छळाचा आरोप चौकशीत सिद्ध झाला नाही. पण १० फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा राजीनामा स्वेच्छेचा मानता येत नाही, तिला कामावर परत घ्या. सेवा सलग धरली, मधल्या वर्षांचा पगार मात्र नाही. स्वतः न्यायाधीश असलेल्या बाईला, आपण कागदावर लिहिलेलं आपल्या मर्जीचं नव्हतं हे पटवायला साडेसात वर्षं लागली. पॅकिंगच्या बाईने कुठे जायचं?

एवढं वाचून तुम्हांला वाटेल, मी सांगते आहे की राग गिळा. नाही. मला नेमकं उलट सांगायचं आहे. पण त्याआधी मुरबाडला जाऊ.

संघटनेच्या कामाला लागल्यावर टोकावड्याकडच्या एका कातकरी वाडीत आमची बैठक होती. तिथे मी माझी ही गोष्ट सांगितली, जरा अभिमानानेच. चावी कशी आपटली ते हात करून दाखवलं. बायका हसल्या. एक मात्र हसली नाही. दिवाळीनंतर ती नवऱ्याबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर जाते, पावसाच्या तोंडावर परत येते. उचल नवऱ्याच्या नावावर, विटा दोघांच्या हातच्या, हिशेब मालकाच्या वहीत. एका वर्षी भट्टीवरच्या माणसाने तिच्या पोरीला मारलं. हिला राग आला, गाठोडं उचलून रात्रीच चालत निघाली. सकाळी गाडी आली आणि तिला परत घेऊन गेली. उचल फिटली नव्हती ना! ती मला म्हणाली, "तुला राग आला त तू चिठ्ठी लिवलीस. मला राग आला त मी कोनाला चिठ्ठी देऊ?"

मी गप्प झाले. माझ्यासाठी मालकाने दार सताड उघडलं, हिच्यासाठी त्याने गाडी पाठवली. दोन्ही ठिकाणी बाईने कधी जायचं आणि कधी राहायचं हे दुसऱ्यानेच ठरवलं. १९७६ सालच्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने असं बांधून ठेवणारं कर्जच रद्द केलं आहे. उचल बाकी म्हणून माणसाला परत आणणं हा गुन्हा आहे. पण तो कायदा त्या गाडीच्या आधी वाडीत पोचला नाही. तेव्हा "राग आला तरी काम सोडू नका" हा उपदेश मी या बाईला करणार नाही. तिच्यासाठी काम सोडून जाता येणं हाच हक्क आहे. आणि जिथे जिवावर किंवा अब्रूवर बेतलं आहे, तिथे कुठल्याही बाईने आधी बाहेर पडावं. कागदाचं नंतर बघू.

रागाने काम टाकण्याची आपल्या जिल्ह्याला ओळख आहे. जानेवारी १९४५ मध्ये इथून जवळ टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली होती. उंबरगाव-डहाणूकडचे काही वारली तिथवर आले होते. त्याच वर्षी मे महिन्यात झरीच्या सभेत वारल्यांनी वेठ न करण्याचं ठरवलं. गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होत्या. तो प्रदेश तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता; पालघर २०१४ साली वेगळा झाला. वारल्यांच्या मनात पिढ्यांचा राग होता. पण एकट्या गड्याने रात्री पळून जाणं आणि गावंच्या गावं कामावर न जाणं यात फरक आहे. एकट्याला परत आणता येतं.

अलीकडचं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचं आहे. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या अंगणवाडी सेविका-मदतनीस संपावर गेल्या आणि पन्नास दिवस मागे हटल्या नाहीत. मानधन अपुरं, पेन्शन नाही, कामं वाढतच चाललेली. कामावर या, नाहीतर सेवा संपवू अशा नोटिसा निघाल्या. त्या बायकांना राग नव्हता? माझ्यापेक्षा जास्त होता. पण "वैयक्तिक कारणास्तव" असं कुणी लिहून दिलं नाही. काम थांबवलं आणि नोकरी धरून ठेवली.

मला राग आला यात चूक नव्हती. तो राग मी एकटीने, एका कागदावर, मालकाला देऊन टाकला, ही चूक झाली. आणि ती माझी एकटीची नाही. तीन वर्षं आम्ही तीस-बत्तीस जणी त्या कुलपापुढे उभ्या होतो, आणि एकही अर्ज आम्ही मिळून केला नाही. तेव्हा लागू असलेल्या १९४८च्या कारखाना कायद्यात लिहिलं होतं की शौचालय कामगारांना कामाच्या सर्व वेळी वापरता आलं पाहिजे. म्हणजे ती चावीच बेकायदा होती. त्याचं ते बोलणं २०१३च्या लैंगिक छळाच्या कायद्याखाली तक्रार करण्यासारखं होतं, असं आज मला वाटतं. हे मला कुणी सांगितलं नाही. आणि जेव्हा मी नोकरी सोडून एका महिला मंडळाच्या बैठकीत गेले, तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. "वाघीण आहेस!" म्हणाल्या. चावीचं पुढे काय झालं, आत राहिलेल्या पोटुशीचं काय, हे एकीनेही विचारलं नाही. मीही विचारलं नव्हतं. मैत्रिणींनो, अशा टाळ्या आता बंद करू या.

त्यापेक्षा ही माहिती बायकांपर्यंत पोचवू. राजीनामा पुढच्या तारखेपासूनचा असेल तर ती तारीख येण्याआधी तो मागे घेता येतो. एका न्यायमूर्तींच्या राजीनाम्यावरून सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली हे तत्त्व सांगितलं. नोकरीचे नियम आडवे येत नसतील तर ते आपल्यालाही उपयोगी पडतं. तेव्हा दुसऱ्या दिवशी राग निवला की लाजू नका, लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. २०१३च्या कायद्याखाली तक्रार साधारण तीन महिन्यांत करायची असते, आणि नोकरी सोडलेली बाईही ती करू शकते. चौकशी चालू असताना लेखी मागितलं तर तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते. म्हणजे त्याचं तोंड बघवत नसेल तर राजीनामा हा एकच रस्ता नाही. दहापेक्षा कमी माणसांच्या जागी, किंवा मालकाविरुद्धच तक्रार असेल तर, जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. ग्रामीण आणि आदिवासी भागात तालुक्याला एक अधिकारी नेमायचा, त्याने तक्रार सात दिवसांत समितीकडे पाठवायची, असं कायदा म्हणतो. शहापूरचा तो अधिकारी कोण, मुरबाडचा कोण, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? पुढच्या बैठकीआधी दोन्ही तहसीलमध्ये जाऊन नावं विचारू आणि ती आसनगाव स्टेशनबाहेर, मुरबाडच्या एसटी स्टँडवर लावू.

आणि सोडायचीच ठरली, तर कारण आपल्या शब्दांत लिहायचं. कुणी काय केलं, कधी केलं, कोण समोर होतं. "स्वखुशीने" हा शब्द दुसऱ्याने सांगितला म्हणून लिहायचा नाही. "मागणी बाकी नाही" यावर हिशेब हातात पडल्याशिवाय सही करायची नाही.

मागच्या वर्षी त्या कारखान्यात काम करणारी एक मुलगी लोकलमध्ये भेटली. मी कुलपाबद्दल विचारलं. ती म्हणाली, "आहे की. चावी आता दुसऱ्याकडे असते." तिला मी आमच्या बैठकीचा वार सांगितला आहे, आणि येताना आणखी चार जणींना घेऊन ये म्हटलं आहे.