हित आणि मित, पण प्रिय नव्हे

हिंजवडीचे काचेचे मनोरे मागे टाकून कासारसाईकडे निघाले की दहा-पंधरा मिनिटांत मुलूख बदलतो. उसाची शेते, धरणाचे पाणी आणि गळीत हंगामात संत तुकाराम साखर कारखान्याकडे डुलत जाणाऱ्या ट्रॉल्या. याच रस्त्याला लागून पत्र्याच्या एका शेडमध्ये एक मिस्त्री बसतात. ते मोटारसायकलचे इंजिन उघडत नाहीत, चेन बदलत नाहीत, पंक्चर तर नाहीच नाही. फक्त शॉकअब्जॉर्बर, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘शॉकअप’. शेडवर फलक नाही, आणि मालकाच्या चेहऱ्यावर स्वागत नाही.

माझ्या पुतण्याचे वाकडला किराणा मालाचे दुकान आहे. नेरे, जांबे, दारुंब्रे या बाजूच्या लहान दुकानांना तो स्वतः पल्सरवरून माल पोहोचवतो. मागे दोन पोती, पुढे टाकीवर पिशवी. गेल्या वर्षी गाडी गतिरोधकावर आदळू लागली आणि वळणावर हँडल थरथरू लागले. घराजवळच्या एका गॅरेजमध्ये दोनदा काम झाले. तिथला मालक अतिशय गोड. चहा आला, ‘भाऊ, काळजीच नको’ झाले, पुढच्या फोर्कचे सील बदलले, मागचे शॉकअप ‘एकदम कडक’ करून दिले. बिलावर कंपनीचे सील असे लिहिले होते. महिन्याभरात दुखणे परत आले, तेव्हा कुणीतरी कासारसाईचे नाव सांगितले. मीही सोबत गेलो.

“शॉकअप मऊ झालेत, जरा कडक करून द्या,” मी म्हणालो.

मिस्त्रींनी मान वर केली नाही. “डॉक्टरकडं गेल्यावर औषधाचं नाव पण तुम्हीच सांगता का?”

मग प्रश्नांची सरबत्ती झाली. रोज किती किलो? येताना गाडी रिकामी असते का? टायरमध्ये हवा किती? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुतण्याला देता आले नाही. “हवा माहीत नाही आणि शॉकअपची तक्रार घेऊन आला,” एवढे बोलून त्यांनी खिशातून टेप काढला. चाक अधांतरी उचलून एक माप घेतले, गाडी स्वतःच्या वजनावर उभी करून दुसरे, पुतण्याला बसवून तिसरे, मागे पोते ठेवून चौथे. आकडे खडूने फरशीवर लिहिले.

त्यांनी तुटक वाक्यांत जे सांगितले, ते माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या माणसालाही समजले. स्प्रिंग भार उचलते, ऑइल चाल सांभाळते. नुसती स्प्रिंग असेल तर गाडी चेंडूसारखी उडत राहील. आतल्या ऑइलला बारीक छिद्रांतून जावे लागते, म्हणून ती उसळी एक-दोन हेलकाव्यांत शांत होते. चाक जेवढे वर-खाली जाऊ शकते, त्याचा साधारण पाव ते एक तृतीयांश भाग स्वार बसल्यावर दबलेला असावा. तरच खड्डा आला की चाकाला खाली उतरायला जागा राहते आणि उंचवटा आला की वर जायला. मागच्या शॉकअपची खाचांची रिंग फिरवून स्प्रिंग ‘कडक’ होते हा समज चुकीचा आहे. त्याने गाडीची बैठक तेवढी उंचावते, स्प्रिंग आहे तशीच राहते. आमच्या गोड गॅरेजवाल्याने रिंग शेवटच्या खाचेत नेऊन ठेवली होती. त्यामुळे रिकामी गाडी वरच्या टोकाला ठोकत होती, आणि भरलेली गाडी झिजलेल्या ऑइलमुळे उड्या मारत होती.

त्यानंतर मिस्त्रींनी पुढच्या फोर्कच्या चकाकणाऱ्या पाइपवरून बोट फिरवले आणि पुतण्याच्या नाकासमोर धरले. काळे, चिकट. “सील गळतंय. हे ऑइल खाली डिस्कवर जाणार. पॅड भिजले की ब्रेक नावापुरता. आज गाडी इथंच ठेव.”

खर्च विचारला. त्यांनी आकडा सांगितला, आणि माझ्यातला जुना माणूस जागा झाला. मी म्हणालो, “मिस्त्री, काहीतरी व्यवहाराचं बोला.” त्यांनी गाडी स्टँडवरून काढली, रस्त्यापर्यंत ढकलत आणली आणि म्हणाले, “न्या.”

आम्ही नेली. परतीच्या वाटेवर मी त्या माणसाच्या उद्धटपणावर बरेच काही बोललो. पुतण्या गप्प होता. घासाघीस मी केली होती, गाडी त्याची होती.

तेरा दिवसांनी नेऱ्याजवळ उसाची ट्रॉली अचानक थांबली. पुतण्याने ब्रेक दाबला. लिव्हर हँडलपर्यंत आला, गाडी पुढे जात राहिली. वेग कमी होता म्हणून मनगटावर निभावले. सहा आठवडे प्लास्टर, आणि त्या काळात माल पोहोचवायला भाड्याचा टेम्पो. मिस्त्रींच्या आणि माझ्या आकड्यात फरक होता चारशे रुपयांचा.

बँकेत मी बरीच वर्षे कर्जप्रकरणे पाहिली. तिथे शिकलेली एक गोष्ट मी त्या दिवशी विसरलो होतो. थकलेल्या येण्याचे कागद स्वतःहून टेबलावर टाकून ‘हे एवढं बुडीत आहे, बघा काय ते’ म्हणणारा तुसडा व्यापारी बहुधा कर्ज फेडत असे. आमच्या शाखेला ज्यांनी त्रास दिला, त्यांतले बहुतेक बोलायला मधाळ होते. आपल्याकडे भाषासमिती सांगताना हित, मित आणि प्रिय अशी वाणी सांगतात. मिस्त्रींची वाणी हिताची होती आणि मोजकीही होती. प्रिय मात्र नव्हती, आणि मी नेमका त्या तिसऱ्यावरून माणूस तोलला.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा गाडी टेम्पोत घालून नेली. मिस्त्रींनी प्लास्टरकडे पाहिले. “सांगितलं होतं,” म्हणाले, आणि कामाला लागले. या वेळी त्यांनी मला बसायला एक डबा पुढे केला, तेवढाच फरक.

फोर्क उघडल्यावर खरी गोम कळली. पाइपच्या क्रोमवर गंजाचे सुईच्या टोकाएवढे खड्डे पडले होते. प्रत्येक खड्ड्यावर सील कानशीवर घासल्यासारखे घासत होते, म्हणजे नवे घातले असते तरी दोन महिन्यांत फाटले असते. मागच्या गॅरेजने पाइप तपासलाच नव्हता. आणि त्यांनी बसवलेले सील? मिस्त्रींनी ते माझ्या हातावर ठेवले. आतली बारीक स्प्रिंग सैल, कड खडबडीत. “डुप्लिकेट.” कंपनीचे म्हणून बिल लावलेले! तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार सांगितला आहे, म्हणजे चांगल्या मालाच्या नावाने हलका माल खपवणे. लहानपणी पाठशाळेत तो शब्द पाठ केला होता. हातात घेऊन पाहिला तो त्या शेडमध्ये.

पाइपचा क्रमांक त्यांनी कागदावर लिहून दिला. “तुम्हीच आणा. दुकान कुठलं ते मी सांगणार नाही. नंतर म्हणाल मिस्त्रीचं कमिशन आहे.” पुतण्या स्वतः दुकानदार, तो हसला, मला हसू आले नाही.

पाइप आणला. ऑइल ओतताना त्यांनी स्प्रिंग बाहेर काढून फोर्क पूर्ण दाबला आणि वरच्या कडेपासून ऑइलची पातळी स्टीलच्या पट्टीने मोजली, दोन्ही पायांत सारखी. मी म्हणालो, थोडे जास्त घातले तर बरे ना? “जास्त घातलं तर वरची हवा कमी होते, फोर्क शेवटी दगडासारखा लागतो. तुमच्या हिशेबात थोडं जास्त चालतं का?” जुने ऑइल त्यांनी झाकणाच्या कॅनमध्ये ओतले. ते अधिकृत फेरप्रक्रिया करणाऱ्याकडे जाते असे समजले. धरण एवढ्या जवळ असताना ओढ्यात ओतणारेही असतात, म्हणून लिहिले.

मागचे शॉकअप गॅसचे होते. हवा आणि ऑइल एकत्र घुसळले की ताकासारखा फेस होतो आणि ऑइलचा जोर जातो; नायट्रोजनच्या दाबाने तो फेस रोखला जातो. ही युक्ती फ्रान्सच्या द कार्बों यांची, 1950च्या दशकातली. आपल्याकडे 1961 मध्ये गॅब्रिएल इंडिया सुरू झाली, तिचा कारखाना आज चाकणलाही आहे. औरंगाबादेत 1985 मध्ये अनुरंग जैन यांनी बजाज ऑटोसाठी ॲल्युमिनियमचे ओतीव भाग करण्यापासून सुरुवात केली; त्यांच्या एंड्युरन्सचे शॉकअब्जॉर्बर आज असंख्य दुचाकींना लागतात. या साऱ्या उद्योगाचे एक टोक त्या पत्र्याच्या शेडमध्ये, टेप आणि खडू घेऊन बसले आहे.

बिल मिस्त्रींनी पहिल्या भेटीत सांगितले होते तेवढेच केले, पाइपची किंमत आम्ही आधीच दुकानात दिली होती. मी पूर्ण पैसे मोजून दिले. त्यांनी ते न मोजता खिशात घातले, आणि रिंग कितव्या खाचेत ठेवायची ते पुतण्याला सांगितले: पोती असताना चौथी, रिकामी असताना दुसरी. “आणि हवा. दर आठवड्याला.”

संवत्सरीच्या संध्याकाळी मी घरच्यांना, नातलगांना फोन केले आणि मग मिस्त्रींनाही केला. मिच्छामि दुक्कडं म्हणालो. त्यांना कळले नाही. मी समजावून सांगितले, की त्या दिवशी घासाघीस केली आणि नंतर मागे वाईट बोललो, त्याची क्षमा मागतो. पलीकडे कुठेतरी पान्याचा आवाज आला.

“बरं,” ते म्हणाले. “डावीकडचं सील कोरडं आहे का?”