थीसिस आणि अंगठा

माझी भाची एका सरकारी रुग्णालयात एमडी करते आहे. गेल्या रमजानमध्ये ऐन सहरीला तिचा फोन आला. “मामू, थीसिससाठी पेशंटचं संमतीपत्र उर्दूत करून द्या ना. मराठीचंही बघा. उद्या एथिक्स कमिटीला द्यायचंय.”

भाषेचा मास्तर मी, बसलो. एका वाक्याने तासभर घेतला: ‘तुम्ही या अभ्यासातून केव्हाही बाहेर पडू शकता, त्यामुळे तुमचे उपचार थांबणार नाहीत.’ आमच्या मोहल्ल्यातली, शाळा न पाहिलेली बाई ऐकल्यावर समजेल, असं मला ते हवं होतं. पुढे ईदला भाची घरी आली तेव्हा विचारलं, पेशंट काय म्हणतात? ती म्हणाली, “मामू, चोवीस तास उभं राहिल्यावर वाचून कोण दाखवणार? अंगठा घेते.”

मी रागावलो नाही. बीएडला कृतिसंशोधन मीही असंच ‘केलं’ होतं. मागच्या वर्षीची फाईल, नवं मुखपृष्ठ. पण माझ्या फाईलमध्ये कुणाचा अंगठा नव्हता.

काही डॉक्टर म्हणतात, थीसिसच काढून टाका, रेसिडेंटने पेशंट बघावेत. हे मला मान्य नाही. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागावर खोकणारा माणूस सरकारी दवाखान्यात आधी रेसिडेंटलाच भेटतो. त्याच्याबद्दलचा पहिला प्रश्न तिथेच पडायला हवा. जलशांमध्ये आपण अर-राझीचं नाव मोठ्या अभिमानाने घेतो. त्याचा ‘अल-हावी’ त्याच्या टिपणांतूनच, मृत्यूनंतर संकलित झाला, आणि त्या टिपणांत त्याने स्वतः तपासलेले रुग्ण आहेत. उपचार आणि शोध त्याने वेगळे ठेवले नव्हते. मात्र राझीला टिपण लिहायला वेळ होता, हे आपण भाषणात सांगत नाही.

प्रश्न वेळेचाच आहे. रेसिडेंटने सलग १२ आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त ड्युटी साधारणपणे करू नये, असं केंद्राने १९९२ सालीच लिहून ठेवलंय. वॉर्डात हे वाक्य सांगून बघा, लोक हसतील. अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनला संशोधनाची वेगळी वाट आहे. त्यात संशोधनाच्या वर्षांत ८० टक्के वेळ त्यासाठी राखावा लागतो. तेवढं आपण मागतच नाही. पण छत्तीस महिन्यांतून जिल्हा रुग्णालयासाठी तीन महिने काढता आले ना? चांगलंच झालं. मग थीसिससाठी तीन महिने, नाइट ड्युटीशिवाय, का निघत नाहीत? संशोधन पद्धतीचा ऑनलाइन कोर्स सक्तीचा करायचा, परीक्षा घ्यायची, आणि ते वापरायला एक दुपारही द्यायची नाही. याला प्रशिक्षण म्हणत असतील तर म्हणोत. मी याला फाईल भरणं म्हणतो.

आणि गाईड? थीसिसवर सही त्यांची असते. त्यांनी एकदा वॉर्डात उभं राहून ते संमतीपत्र मोठ्याने वाचून दाखवावं, एवढीच विनंती आहे.

भाचीचे अजून अकरा पेशंट बाकी आहेत. परीक्षेच्या सहा महिने आधी थीसिस जमा करायचाय. परवा पुन्हा फोन आला, ते वाक्य अजून छोटं करता येईल का म्हणून. मी सात शब्दांवर आणलंय.