शिळा उरल्या, रणभूमी गेली

अमेरिकेच्या राजधानीजवळ, व्हर्जिनियातील फेअरफॅक्स काउंटीत, घरे व दुकानसंकुले यांच्या गराड्यात सुमारे पाच एकरांचे एक उद्यान आहे. तेथे ग्रॅनाइटच्या दोन शिळा शेजारी शेजारी उभ्या आहेत. एक जनरल फिलिप कर्नी यांची, दुसरी जनरल आयझॅक स्टीव्हन्स यांची. या परिसरात आज मराठी कुटुंबेही राहतात. त्यांच्याकडे मुलानातवंडांना भेटण्यास जाणाऱ्यांनी घटकाभर थांबावे, असे हे स्थान आहे.

१ सप्टेंबर १८६२. यादवी युद्धाचे दुसरे वर्ष. मनॅसस येथील दुसऱ्या लढाईत पराभूत झालेले उत्तरेचे सैन्य राजधानीकडे माघार घेत होते व त्याची वाट रोखण्यासाठी दक्षिणेचा सेनानी स्टोनवॉल जॅक्सन चालून आला होता. ऑक्स हिल, अर्थात शँटिली येथे, कोसळत्या वादळी पावसात दोन्ही सैन्ये भिडली. ध्वजधारक पडताच स्टीव्हन्स यांनी ७९व्या न्यूयॉर्क पलटणीचा ध्वज स्वतःच्या हाती घेतला आणि तेही गोळी लागून कोसळले. त्याच लढाईत त्यांचा पुत्र हॅझर्ड जखमी झाला. कर्नी यांनी आपला डावा हात १८४७ मध्येच मेक्सिकोच्या युद्धात गमावला होता. सायंकाळच्या अंधारात ते शत्रूच्या रांगेपाशी पोहोचले, शरण येण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना मृत्यूने गाठले. दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांनी त्यांचा देह पांढऱ्या निशाणाखाली सन्मानाने परत पाठविला.

या शिळा उभ्या राहिल्या १९१५ मध्ये. त्यांच्यासाठी जागा दिली ती जॉन बॅलर्ड आणि त्यांच्या पत्नी मेरी यांनी. बॅलर्ड हे दक्षिणेच्या बाजूने लढलेले सैनिक. ज्यांच्याविरुद्ध शस्त्र धरले, त्यांच्याच सेनानींच्या स्मृतीसाठी त्यांनी आपल्या शेताचा तुकडा दिला. या औदार्याचा अर्थ मात्र नीट समजून घ्यावयास हवा. दक्षिणेची राज्ये फुटून निघाली ती गुलामगिरी टिकविण्यासाठी. सहा लाखांहून अधिक सैनिकांचे प्राण घेणाऱ्या या युद्धातील दोन्ही पक्ष एकाच तराजूत तोलता येणार नाहीत. शत्रूच्या शौर्याला वंदन करणे वेगळे आणि न्याय-अन्यायाचा भेद पुसून टाकणे वेगळे.

एका माजी सैनिकाने जे जाणले, ते पुढील पिढ्या विसरल्या. १९८०च्या दशकात येथे बांधकामाचा सपाटा सुरू झाला आणि शेकडो एकरांची रणभूमी घरे व रस्ते यांखाली गाडली गेली. शिळाही हलविल्या जाण्याची वेळ आली, तेव्हा काही मोजके इतिहासप्रेमी नागरिक उभे ठाकले. त्यांना रणभूमी वाचविता आली नाही. शिळा आणि भोवतीची थोडी जागा तेवढी वाचली. २००८ मध्ये तेथे उद्यान रीतसर खुले झाले.

परंतु हा पराभव वाया गेला नाही. त्या धक्क्यातूनच १९८७ मध्ये रणभूमी जतन करणारी राष्ट्रीय संस्था उभी राहिली. या चळवळीचा वारसा आज चालविणाऱ्या अमेरिकन बॅटलफील्ड ट्रस्टने पन्नास हजार एकरांहून अधिक भूमी वाचविली आहे. मार्ग साधा आहे: लोकवर्गणी जमवावयाची, शासनाचे साहाय्य मिळवावयाचे आणि इच्छुक मालकाकडून रीतसर जमीन विकत घ्यावयाची.

स्मारक म्हणजे केवळ शिळा नव्हे. चढ कोठे होता, रान कोठे होते, वीर कोठून चालून गेला, हे सांगते ती भूमी. भूमी गेली की शिळेवर उरते केवळ नाव. वीरांना शत्रूदेखील विसरत नाही. विसरतो तो निष्काळजी समाज. स्मृतीचे रक्षण ही शासनावर सोपवून निश्चिंत होण्याची गोष्ट नाही. ते जागृत नागरिकांचे नित्याचे व्रत आहे, आणि ते शेवटची पाच एकर उरण्यापूर्वीच घ्यावे लागते.