शेवटचे बीम

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीचे पत्र आले. तीस वर्षे चालवलेली डाळमिल बंद करण्याचे त्यांच्या घरच्यांनी ठरवले आहे. ‘घरात कुणी गेले नाही, तरी सुतक असल्यासारखे वाटते, यावर काही लिहा,’ असा त्यांचा आग्रह. सांत्वनाची चार वाक्ये लिहिणे अवघड नव्हते. परंतु आमचा यंत्रमागाचा कारखाना बंद झाल्याला आता काही वर्षे लोटली आहेत आणि त्या दिवसांतील एक गोष्ट मी अद्याप कुठे लिहिलेली नाही. सांत्वनापेक्षा ती हकीकत त्यांच्या अधिक उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून या वेळचे पान तिच्यासाठी.

आमचे घराणे इचलकरंजीचे, सुताच्या आणि कापडाच्या व्यापारातले. या गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला आणि त्यांना श्रीमंत नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचे पाठबळ लाभले, हे इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्यानंतर ऐंशी वर्षे सारे गाव माग घालत राहिले. आमच्या घराने मात्र मागाला हात लावला नाही. “विणणाऱ्याने विणावे, आपण विकावे,” असे सासरे म्हणत. दुकानाला संध्याकाळी कुलूप लागते, कारखाना रात्रभर जागा असतो, ही त्यांची धास्ती. ती खरी होती. पुढे चौतीस वर्षे रातपाळीतला एखादा माग अवेळी थांबला की त्या शांततेनेच मला जाग येत असे.

१९८५ साली आमच्या यजमानांनी आणि थोरल्या भाऊजींनी सासऱ्यांचा विरोध पत्करून चार माग घेतले. मुंबईतील गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला आणि त्यानंतर कित्येक गिरण्या पुन्हा धड उभ्या राहिल्याच नाहीत. तशाच एका गिरणीतून निघालेले हे माग. बिडाच्या चौकटीवर तेलाची आणि तंतूंची जाड पुटे बसली होती; ती खरवडून काढायला आम्हाला आठवडा लागला. एका मागाच्या आडव्या दांडीवर कुणीतरी खिळ्याने स्वस्तिक कोरलेले सापडले. कुणाचे, ते कळण्यास मार्ग नव्हता. दुसऱ्याच्या मोडलेल्या संसाराची भांडी आपण घरी आणली आहेत, हा विचार त्या वेळी मनाला शिवलाही नाही. आम्ही पेढे वाटले.

या खरेदीसाठी माझ्या चार पाटल्या मोडल्या. कौतुक व्हावे म्हणून हे सांगत नाही. पुढच्या हिशेबात त्यांचा संबंध येतो.

ज्यांनी माग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. सायझिंगमधून खळ लावलेला ताणा बीमवर गुंडाळून येतो. वहिफणी कामगार त्याचा एकेक धागा वहीतून आणि फणीतून ओवतात. आडवे सूत कांडीवर भरलेले असते, ती कांडी धोट्यात बसते आणि धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फेकला जातो. त्याची एक फेरी म्हणजे एक पिक. आमच्याकडे बहुतेक ५२ पिकांचे कापड निघे, म्हणजे इंचाला ५२ फेऱ्या. एका मीटरला दोन हजारांहून अधिक. आमचा साधा माग मिनिटाला सुमारे १३० पिके मारी. कुठे धागा न तुटता चालला, तरी मीटरभर कापडाला पावणेसोळा मिनिटे लागत. शिवाय कांडी काही मिनिटांत रिकामी होते. ती बदलण्यासाठी विणकराला माग थांबवावा लागतो. सहा माग सांभाळणारा माणूस आठ तासांत किती वेळा वाकतो, याची मोजदाद कुणी ठेवत नाही. पगार मात्र पिकावर आणि मीटरवर.

तो पगार लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी वाणिज्य शाखेची पदवीधर, म्हणून सासऱ्यांनीच लाल कापडी बांधणीची वही हाती दिली. पहिल्या पानावर त्यांनी स्वतः ‘श्री’ काढला. विरोध संपल्याची त्यांची ती पद्धत होती. तेव्हापासून पगारवही माझी. कुणाची किती मीटर, कुणाची उचल, कुणाच्या मुलीच्या लग्नाचे आगाऊ, कुणाचे खाडे. सगळे माझ्या अक्षरात. १९९६ पर्यंत चाराचे चोवीस माग झाले. त्याच वर्षी हिशेबनिसांच्या सल्ल्याने शेडच्या मधोमध एक भिंत उठली आणि एका कारखान्याचे दोन झाले. बारा माग यजमानांच्या नावावर, बारा भाऊजींच्या. भिंतीला दार होते. त्याला कधी कडी लागली नाही. एकच जॉबर दोन्हीकडचे माग दुरुस्त करी. कागदावर मात्र कोणत्याही एका नावाखाली दहा कामगार भरत नव्हते. असे का करतात, ते व्यापारी घरांतल्या वाचकांना मी समजावून सांगण्याची गरज नाही.

कारखाना का बसला, यावर आमच्या घरात आजही वाद होतात. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी आणि पुढल्या जुलैतला जीएसटी यांना दोष देणे सोपे आहे, आणि त्यांचा फटका बसला हे खरेच. पण दुखणे जुने होते. शेजारी एअरजेट माग आले. तिथे धोटाच नाही. हवेच्या झोताने सूत पलीकडे जाते, मिनिटाला सहाशेहून अधिक वेळा. ज्या मीटरला आम्हाला पाव तास लागे, तो तिथे साडेतीन मिनिटांच्या आत उतरतो, आणि कापडात दोषही कमी. आम्ही स्वतःचे सूत घेणे सोडून मजुरीवर विणू लागलो, तेव्हाच खरे म्हणजे आमचा कारखाना संपला होता. पुढची सहा वर्षे आम्ही वीजबिल आणि पगार भागवत होतो, आणि त्यालाच कारखाना चालवणे म्हणत होतो. भाऊजींचे दोन्ही मुलगे पुण्यात. आमची मुलगी बंगळुरूला. “आई, तुम्ही हे कुणासाठी करता आहात?” असे तिने एकदा विचारले, तेव्हा मी रागावले होते.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला. आमची शेड उंचावर. पाणी आत आले नाही. पण व्यापाऱ्याने पुढची बीमे पाठवली नाहीत, आणि आम्हीही मागितली नाहीत. एकेक बीम संपत गेले. एरवी बीम संपत आले की नव्या बीमचे धागे जुन्याच्या टोकांना गाठी मारून जोडतात. म्हणजे १९८५ पासून आमच्या मागांवरचा ताणा गाठीला गाठ लागत चालतच आला होता. खंडेनवमीला आम्ही नेहमीप्रमाणे मागांना हळदकुंकू वाहिले, झेंडूची फुले बांधली. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी सतरा नंबरच्या मागावरचे शेवटचे बीम उतरले. जॉबरमामांनी सवयीने गाठणीसाठी हात पुढे केला आणि मागे घेतला. वहीतून आलेले धागे तसेच लोंबत राहिले. ते कापावेत की ओढून काढावेत, हे कुणालाच सुचेना.

साधे माग चालवण्यासाठी घेणारा कुणी भेटला नाही. भंगारवाल्याने किलोचा भाव सांगितला.

त्या रात्री मी पगारवह्या काढून बसले. ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा मला माहीत होता. पाच वर्षे सलग नोकरी झालेल्याला, नोकरीच्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. महिन्याचा पगार सव्वीसने भागायचा आणि पंधराने गुणायचा. मीटरवर काम करणाऱ्याची अखेरच्या तीन महिन्यांची सरासरी धरायची. जॉबरमामा १९८८ मध्ये आले. पगार १८,००० रुपये, वर्षे एकतीस. रक्कम निघाली ३,२१,९२३ रुपये. दोन्ही नावांवरच्या अकराजणांपैकी आठजणांची पाच वर्षे भरत होती. सगळ्यांचे मिळून साडेअकरा लाखांच्या आसपास गेले. भंगारातून येणाऱ्या पैशांत त्याचा निम्माही भाग बसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी भाऊजींपुढे कागद ठेवला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला. “हा कायदा दहा कामगारांपासून लागतो,” ते म्हणाले, “आपल्या एकाही नावावर दहा नाहीत. एक रुपयाही देणे लागत नाही. दिवाळीला दोन पगार जास्त देऊ, साडीचोळी, धोतरजोडी देऊ. लोक नाव घेतील.” यात दुष्टपणा नव्हता. ते माझ्याहून अधिक हळवे. माग उचलून नेताना शेडमध्ये थांबणे त्यांना झेपणार नव्हते. त्यांच्या हिशेबात देणे आणि दान यांच्या वह्या वेगळ्या होत्या, आणि हे देणे नव्हते. यजमान गप्प राहिले. थोरल्या भावासमोर ते आयुष्यभर गप्पच राहिले आहेत.

मी १९९१ ची खातेवही घेऊन आले. तिच्यात माझ्या नावाचे पान आहे. चार पाटल्यांची १९८५ मधील किंमत जमा, सहा वर्षांचे व्याज जमा, आणि अखेर रक्कम माझ्या हाती दिल्याची नोंद. खाली सासऱ्यांची सही. सुनेचे सोने परत करण्याची सक्ती त्यांच्यावर कोणत्या कायद्याने होती, एवढेच मी विचारले. भाऊजींनी ते पान पाहिले, वही मिटली आणि ते उठून गेले. हो म्हणाले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाने निम्म्या रकमेचे धनादेश आणून दिले. दिवाळीच्या वहीपूजनापर्यंत भाऊजी माझ्याशी बोलले नाहीत. आजही त्यांना तो खर्च पटलेला आहे, असे मी म्हणणार नाही.

जॉबरमामांनी धनादेश उलटसुलट करून पाहिला आणि घराचे पत्रे काढून स्लॅब टाकतो, म्हणाले. मग पुढचा अर्धा तास सतरा नंबरच्या मागाचे गिअर कसे नेहमी त्रास देत, यावर बोलत बसले.

इथे ही गोष्ट संपली असती, तर ती मी पूर्वीच लिहिली असती.

धनादेशांची यादी पुन्हा ताडून पाहताना पगारवहीतल्या एका रकान्यावर बोट थांबले. ‘कांडी – उक्ते.’ पुढे आठवड्याचा आकडा. दर पानावर. दोनजणी कांड्या भरत. एक नवी, वर्षभरातली. दुसरी २००० पासून येत होती. कांडी मशीनजवळ खाली पोते घालून बसणारी, सगळे जिला कांडीअक्का म्हणत ती. तिला एकही नाव मिळाले नव्हते. ना यजमानांच्या नावाखाली, ना भाऊजींच्या. तिची नोंद काम म्हणून होती, माणूस म्हणून नव्हती. हा सल्ला हिशेबनिसांनी दिलेला नव्हता, भाऊजींनीही सांगितले नव्हते. एकोणीस वर्षे हा शब्द मी माझ्या हाताने लिहिला होता, कारण तो लिहायला सोपा होता.

महिन्याला सरासरी ६,५०० रुपये, एकोणीस वर्षे, ७१,२५० रुपये. धनादेश लिहायला घेतला आणि ‘यांना द्यावे’ या शब्दांपाशी पेन अडले. मला तिचे नाव माहीत नव्हते. जॉबरमामांना फोन करून विचारावे लागले. दर पर्युषणानंतर सगळ्यांना हात जोडून क्षमा मागणारी मी, त्या यादीत ही बाई कधी होती की नव्हती, हे आठवू लागले. आठवले नाही.

माग बंद झाल्यापासून ती येईनाशी झाली होती. गावाच्या कडेला दोन खोल्यांचे घर. मी गेले तेव्हा ती दारात शेंगा फोडत होती. एका व्यापाऱ्याकडून पोती घरी आणून फोडायची, किलोवर पैसे. मला पाहून गडबडीने उठली, पदर सावरला, चहा ठेवायला निघाली. मी थांबवले, धनादेश दिला, कशाबद्दल ते सांगितले. क्षमा मागायचे ठरवून गेले होते. शब्द नीट जमले नाहीत. तिने आकडा नातवाकडून दोनदा वाचून घेतला. धनादेश घडी घालून देवाच्या फळीवर ठेवला. मग बराच वेळ शेंगा फोडत राहिली, मीही चार फोडल्या.

निघताना तिने विचारले, “वैनी, त्ये कांडी मशीन गेलं का हो भंगारात? पलीकडच्या गल्लीत अजून साधे माग हाईत. हितं दारात बसवलं असतं, तर मी त्यांच्या कांड्या भरल्या असत्या.”

मशीन आदल्या सोमवारी गेले होते.